सौंदर्यास्वाद आणि ताटस्थ्य : एका परिभाषेची चिकित्सा

सौंदर्यानुभवाचे लक्षण सांगताना मराठी समीक्षेत 'तटस्थता' हा शब्द इतका रूढ झाला आहे की, त्याचा अर्थ तपासून घेण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. रसिकाने कलाकृतीकडे तटस्थपणे पाहावे. वैयक्तिक गरजा, हेतू व रागलोभ यांना आस्वादात स्थान नसते. असे एका दमात सांगितले जाते आणि त्याच्या समर्थनार्थ कांट, एडवर्ड बुलो व अभिनवगुप्त ही तीन नावे एका ओळीत मांडली जातात. पौर्वात्य व पाश्चात्त्य विचारांची अशी अनायासे गाठ पडली म्हणजे विद्यार्थ्यासही समाधान वाटते आणि परीक्षकासही. वस्तुतः या तिघांनी तीन निरनिराळे प्रश्न विचारलेले आहेत. आणि त्यांपैकी एकाने तर ताटस्थ्य हा शब्द दोषवाचक म्हणूनच वापरलेला आहे. शब्दाच्या या गफलतीमुळे केवळ परिभाषा बिघडली असती तर फारसे काही बिघडले नसते. परंतु तीमुळे साहित्यकृतीच्या मूल्यमापनातही चुका होतात, विशेषतः ज्या कृती आपल्या काळातील राजकीय वा सामाजिक क्षोभातून जन्मल्या त्यांच्या बाबतीत.

प्रथम कांट. 'निर्णयशक्तीची मीमांसा' या १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सौंदर्यविधानाचे जे पहिले लक्षण सांगितले, ते हे की, त्यातील आनंद सर्व हितसंबंधांपासून मुक्त असतो. येथे 'हितसंबंध' हा शब्द पारिभाषिक आहे. वस्तूच्या प्रत्यक्ष अस्तित्वाशी बांधलेल्या सुखास कांट हे नाव देतो. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय, असे कोणी विचारले असता एक जण म्हणेल की, केवळ डोळे दिपविण्यासाठी उभारलेल्या असल्या वस्तू आपणांस आवडत नाहीत. दुसरा, पॅरिसला गेलेल्या त्या इरोक्वाय सरदाराप्रमाणे, सांगेल की साऱ्या शहरात आपणांस आवडल्या त्या खाणावळी. तिसरा रूसोच्या आवेशात राजेरजवाड्यांनी प्रजेचा घाम असल्या चैनीवर उधळावा याचा निषेध करील. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी रास्त असतील. पण विचारलेल्या प्रश्नाची ती उत्तरे नव्हेत, असे कांटचे म्हणणे.

या उदाहरणावरून सामान्यतः जो निष्कर्ष काढला जातो तो कांटचा नाही. निषेध करणाऱ्या गृहस्थाने आपला संताप गिळून टाकावा, थंड व्हावे, मगच राजवाड्याकडे पाहावे, असे कांटने म्हटलेले नाही. संताप हा सौंदर्यविधानाचा आधार होऊ शकत नाही, एवढाच त्याचा मुद्दा आहे. प्रश्न विधानाच्या अधिष्ठानाचा आहे, विधान करणाऱ्याच्या चित्तवृत्तीचा नव्हे. त्याच ठिकाणी एका तळटीपेत त्याने हेही स्पष्ट केले आहे की, एखादे विधान हितसंबंधावर आधारलेले नसूनही अत्यंत उत्कट आस्था निर्माण करणारे असू शकते. ही तळटीप ज्यांच्या नजरेतून निसटली त्यांनीच कांटला शुष्क ठरविले. पुढे निसर्गसौंदर्याविषयी लिहिताना त्याने बुलबुलाच्या गाण्याची एक मौजेची हकीकत दिली आहे. शांत उन्हाळी रात्री पाहुण्यांना रिझविण्यासाठी एक खानावळवाला झुडपात पोरगा दडवून ठेवतो. तो पोरगा तोंडात वेताची शिट्टी धरून बुलबुलाची हुबेहूब नक्कल करतो. फसवणूक कळताच ते गाणे कोणासही फार वेळ ऐकवत नाही. स्वर तेच, रचना तीच. मग गेले काय? गाणारा पक्षी निसर्गातला आहे हा विश्वास गेला. म्हणजे वस्तूच्या अस्तित्वाविषयी उदासीन असणारा कांट निसर्गसौंदर्याच्या संदर्भात त्या अस्तित्वाविषयीच्या आस्थेला पुन्हा जागा करून देतो. ही विसंगती नव्हे. पहिल्या ठिकाणी विधानाचा आधार सांगितला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्या विधानाला येऊन मिळणारी नैतिक आस्था.

अर्थात कांटमध्ये अलिप्ततावादाला आधार सापडतच नाही असे म्हणणे पक्षपाताचे होईल. मोहकता आणि भावक्षोभ यांच्या मिश्रणावाचून ज्या अभिरुचीचे चालत नाही ती अद्याप रानटी होय, असे तो बजावतो. शुद्ध म्हणजे स्वायत्त सौंदर्याची जी उदाहरणे तो देतो ती फुले, पोपट, शिंपले, भिंतीवर चिकटविण्याच्या कागदावरील वेलबुट्टी, विषयावाचूनचे स्वररंजन अशी आहेत. माणूस, घोडा, चर्च यांचे सौंदर्य त्याच्या लेखी परायत्त. कारण ते पाहताना ती वस्तू कशी असावी याची कल्पना मनात असावीच लागते. साहित्य या दुसऱ्या कोटीत पडणार हे उघड आहे. कांटमधील ही दोन टोके मराठीत सर्वांत स्पष्टपणे दाखविली ती रा. भा. पाटणकर यांनी. 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराची जी मांडणी त्यांनी केली, तिच्या मुळाशी कांटचे हे सूक्ष्म वाचन आहे. त्यापूर्वी मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली, तेव्हा त्यांचा कल पहिल्या टोकाकडे होता. परंतु साहित्याकडे वळताच भावनात्मक अर्थ हाच माध्यमाचा घटक मानून 'भावनानिष्ठ समतानता' ही संकल्पना त्यांना योजावी लागली. ज्या भावनेला बाजूस सारावयाचे, तीच साहित्याची सामग्री आहे, ही अडचण त्यांनी ओळखली होती. त्यांच्या अनुयायांनी ती तितकीशी ओळखली नाही.

बुलोचा प्रश्न मात्र खरोखरीच चित्तवृत्तीचा आहे. 'मानसिक अंतर' हा त्याचा सिद्धांत १९१२ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ही गोष्टही सूचक आहे. समुद्रात धुके पडले असता जहाजावरील उतारूंना चिंता, उशीर, अदृश्य संकटाची भीती यांखेरीज काही सुचत नाही. परंतु क्षणभर या व्यावहारिक संबंधातून मन सुटले तर तेच धुके दुधाळ पडद्यासारखे, जगापासून तोडलेल्या एका विलक्षण शांततेसारखे भासू लागते. हे 'अंतर' असते किंवा नसते असे नाही. ते कमीअधिक होते. फार वाढले तर कृती कृत्रिम, निर्जीव वाटते. फार घटले तर प्रेक्षक तिच्यात आपलेच आयुष्य पाहू लागतो. पत्नीवर संशय असलेला पती 'ऑथेल्लो' पाहावयास बसला तर त्याला नाटक दिसतच नाही. मद्यपी पित्याच्या घरात वाढलेला मुलगा 'एकच प्याला' पाहताना उठून जातो, हे त्याचेच मराठी उदाहरण म्हणता येईल. तथापि बुलोचा निष्कर्ष दुरावा वाढवावा असा नाही. अंतर नाहीसे होऊ न देता ते शक्य तितके कमी असावे, असा आहे. पतीला ऑथेल्लोचे दुःख इतरांपेक्षा अधिक जवळून कळण्याची शक्यता असते. अंतर सुटले म्हणून ती वाया जाते. मराठीत बुलोचा हवाला देणाऱ्या पुष्कळांनी सिद्धांताचा पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला.

जॉर्ज डिकी याने १९६४ साली या सिद्धांतावर जो हल्ला केला त्याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे. मत्सरी पती नाटकाकडे 'अंतर न राखता' पाहत नाही, तो नाटकाकडे पाहतच नाही. त्याचे लक्ष आपल्या संसाराकडे लागले आहे. तेव्हा 'अंतर' नावाचा विशेष मानसिक व्यापार कल्पिण्याचे कारण काय? अवधान आणि अनवधान हे साधे शब्द पुरेसे आहेत. हा आक्षेप बराचसा मान्य करण्यासारखा आहे. मात्र त्याने एक गोष्ट उलगडत नाही. अनवधान म्हणजे लक्ष दुसरीकडे जाणे. पण ज्याचे लक्ष नाटकावरून क्षणभरही ढळत नाही आणि तरीही ज्याला नाटकातील पात्राच्या जागी बाहेरचा कोणी दिसतो, त्याचे काय? त्याचे अवधान पूर्ण असून त्याचा विषय दुभंगलेला असतो. या प्रश्नाला पाश्चात्त्य चर्चेपेक्षा काश्मीरातील एका पंडिताने अधिक बारकाईने हात घातला आहे.

रसचर्चेत 'तटस्थ' हा शब्द जेथे येतो ती स्थळे पाहिली म्हणजे मराठी रूढीचे आश्चर्य वाटते. भट्टनायकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंतु मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या चौथ्या उल्लासात त्याचे जे मत दिले आहे त्यानुसार रस ताटस्थ्याने प्रतीत होत नाही, तसाच तो आत्मगत म्हणूनही प्रतीत होत नाही. प्रेक्षक तटस्थ असेल तर दुसऱ्याच्या शोकाशी त्याला कर्तव्य काय? तो शोक त्याचाच असेल तर तो नाटकगृहात सुख मानून बसेल कसा? हे दोन्ही पक्ष नाकारूनच भट्टनायक साधारणीकरणाकडे वळतो. अभिनवगुप्ताचे मत देताना मम्मट आणखी पुढे जातो. विभावादिकांविषयी प्रेक्षकाला हे माझे, हे शत्रूचे, हे तटस्थाचे असा विशिष्ट संबंध मान्य करण्याचा वा नाकारण्याचा निश्चय होत नाही. म्हणजे 'माझे' व 'शत्रूचे' या संबंधांच्या पंक्तीतच 'तटस्थाचे' हाही बसविला आहे. तटस्थ असणे हीसुद्धा एक लौकिक भूमिका आहे. भांडणात न पडणाऱ्या शेजाऱ्याची. रसिकाने जे सोडावयाचे त्यात तीही येते. ज्या शब्दाने शास्त्रकाराने एक त्याज्य पर्याय सांगितला, त्याच शब्दाने त्याच्या सिद्धांताचे भाषांतर व्हावे, हा परिभाषेच्या इतिहासातील विनोद होय.

'अभिनवभारती'त शाकुंतलातील भ्यालेल्या हरिणाच्या श्लोकावर जे विवेचन आहे ते या दृष्टीने मूलगामी आहे. प्रेक्षकाला होणारी भयाची प्रतीती ही 'मी भ्यालो', 'हा भ्याला', 'शत्रू, मित्र वा मध्यस्थ भ्याला' अशा प्रत्ययांहून वेगळी असते, कारण त्या प्रत्ययांमागे सुखदुःखाच्या, स्वीकार-परित्यागाच्या बुद्धी अपरिहार्यपणे येतात आणि त्याच विघ्ने होतात. हरिण कोणते विशिष्ट हरिण नाही, त्याला भिवविणारा खरा नाही; उरते ते स्थलकालाने न बांधलेले भय. ते जणू हृदयात शिरते, डोळ्यांपुढे वावरते. आणि या अवस्थेत प्रेक्षकाचा 'स्व' पूर्णपणे लोपलेला नसतो, तसाच विशेषत्वाने वर आलेलाही नसतो. ही दुहेरी मर्यादा हा या विवेचनाचा गाभा आहे. न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली, तेव्हा स्वतःची जाणीव कायम ठेवून परकाया प्रवेश करणाऱ्या वाचकाचे वर्णन त्यांना साधावयाचे होते. त्यांचा मार्ग वेगळा, मांडणी सैल. पण डोळे त्याच जागेकडे लागलेले होते.

रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने अभिनवगुप्त सांगतो त्यांतील दोन येथे विशेष महत्त्वाची. एक, अनुभव स्वतःचा वा परक्याचा म्हणून ठरावीक स्थलकालाशी जखडला जाणे. दुसरे, आपल्याच सुखदुःखाने विवश होणे. या विघ्नांवर त्याने सांगितलेले उपाय रसिकाच्या नव्हे, नाट्याच्या हाती आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचे नटपण झाकणारा मुकुट व वेषभूषा ही पहिल्या विघ्नावर. गीत, वाद्य, सुशोभित रंगमंडप ही दुसऱ्यावर. म्हणजे पाश्चात्त्य विचारात जी रसिकाची साधना मानली गेली, ती येथे प्रयोगाची जबाबदारी आहे. आपल्या घरचे दुःख घेऊन आलेल्या माणसाला 'ते बाहेर ठेवून ये' असे येथे सांगितले जात नाही. त्याचे मन त्या दुःखातून सुटेल असे काही रंगभूमीने करावे, असे सांगितले जाते. मराठी संगीत रंगभूमीवर करुण प्रसंगातील पदालाही 'वन्समोअर' मिळे, याबद्दल टीकाकारांनी नाके मुरडली आहेत आणि ती सर्वस्वी अकारण नाहीत. तथापि एखाद्या मद्यप्याच्या मुलाला सिंधूच्या दुःखापुढे बसवून ठेवण्याचे काम त्या पदांनी केले असेल, हे अशक्य नाही.

जुन्या मराठीत 'तटस्थ होणे' म्हणजे चकित होऊन जागच्या जागी थबकणे, ध्यानात खिळून राहणे, असाही अर्थ होता. आजच्या 'निःपक्षपाती' या अर्थापेक्षा तो तन्मयीभवनाच्या किती तरी जवळचा. तो अर्थ मागे पडला आणि राजकारणातील व न्यायालयातील अर्थ समीक्षेत शिरला. शब्द टिकला, अर्थ बदलला, आणि जुन्या शब्दाच्या भरवशावर नवा अर्थ शास्त्रसंमत ठरला.

या तीन विचारांतील भेद कसाला लावून पाहण्यास कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'सारखे दुसरे नाटक मराठीत क्वचितच मिळेल. १९०७ साली ते रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसे, सैरंध्रीत परतंत्र भूमी, कंकभट्टाच्या संयमात मवाळ आणि बल्लवाच्या क्रोधात जहाल. व्हॅलेंटाइन चिरोलने 'इंडियन अनरेस्ट' (१९१०) या पुस्तकात, म्हणजे ज्यावरून टिळकांनी पुढे त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला त्याच पुस्तकात, या नाटकाचे असेच वाचन केले आहे. नाटकात कर्झनचे नाव कोठेही नसताना प्रेक्षागृहातील प्रत्येकास ते ठाऊक असते, हीच त्याची तक्रार. येथे देशभक्त प्रेक्षक आणि साम्राज्यवादी पत्रकार यांचे नाटकाच्या अर्थाविषयी पूर्ण एकमत होते. भेद एवढाच की एकाला ते 'माझे' होते आणि दुसऱ्याला 'शत्रूचे'.

रूढ तटस्थतावादाने या नाटकाचा निकाल एका वाक्यात लागतो. प्रेक्षक राजकीय भावनेने भारलेले होते, म्हणून तो सौंदर्यानुभव नव्हता. नाटक प्रचारकी, सबब गौण. असा निकाल अनेकदा दिलाही गेला आहे. पण कांटला साक्षीस बोलावले तर तो असा निकाल देणार नाही. प्रेक्षक संतापलेले होते की नव्हते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 'हे नाटक सुंदर आहे' हे त्यांचे विधान, त्यांनी ते केले असेल तर, संतापावर उभे होते काय, एवढेच तो पाहील. बुलोचा निकाल काहीसा प्रतिकूल असेल. तत्कालीन सार्वजनिक वादाचे उल्लेख अंतराच्या मर्यादेशी धोकादायक रीतीने खेळतात, असे त्याने स्पष्टच म्हटले आहे. मात्र अंतर कमीत कमी पण शाबूत असणे हाच त्याचा आदर्श असल्याने, खाडिलकरांनी पौराणिक कथेचा जो पडदा मध्ये धरला त्याची किंमत त्यालाही करावी लागेल.

अभिनवगुप्ताच्या विघ्नविचाराने मात्र नाटकाच्या अंगोपांगांत शिरता येते. कर्झन दिसणे हा देशकालविशेषाचा आवेश होय; ते विघ्नच आहे, याबद्दल भीड बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्याच वेळी विराटपर्वाची सर्वपरिचित कथा हा त्या विघ्नावरील प्रतिबंधही आहे. नाटकाच्या यशाचे माप काढावयाचे ते या दोहोंच्या झटापटीत. ज्या प्रसंगी कीचक आपल्या तोंडून केवळ नोकरशहाचे तर्कट बोलतो, तेथे पडदा फाटतो आणि व्हाइसरॉय दिसू लागतो. असे प्रसंग आज वाचताना निष्प्राण वाटतात, कारण ज्याला चिडवावयाचे तो इतिहासजमा झाला आहे. उलट संयम आणि प्रतिकार यांचा झगडा जेथे कंकभट्ट व बल्लव यांच्या नात्यात, अज्ञातवासाच्या बंधनात आणि सैरंध्रीच्या असहायतेत गुंतलेला आहे, तेथे कर्झनचे नावही न ऐकलेल्या वाचकाला नाटक धरून ठेवते. कंकभट्टाचा संयम भ्याडपणा ठरत नाही, त्यामागे प्रतिज्ञेचे वजन आहे; म्हणूनच बल्लवाचा क्रोध सवंग होत नाही. मवाळांची टवाळी एवढाच हेतू असता तर हे वजन लेखकाने ठेवले नसते. टीकाकाराने शोधावयाचे ते हे की, कोणत्या प्रसंगात क्षोभ साधारण झाला आणि कोणत्या प्रसंगात तो वर्तमानपत्राचा राहिला. प्रेक्षक क्षुब्ध होते, एवढ्यावरून दोहोंपैकी काहीच सिद्ध होत नाही.

याच ठिकाणी तटस्थतेचा तिसरा, आजचा बळीही पाहण्यासारखा आहे. पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेतून 'कीचक म्हणजे कर्झन' हे समीकरण शिकून जो विद्यार्थी हे नाटक वाचतो त्याला ना कर्झनचा राग, ना सैरंध्रीचे दुःख. त्याच्या हाती समीकरण लागते. ही अलिप्तता पाहून त्याला आदर्श रसिक म्हणावे लागेल, जर ताटस्थ्य हेच लक्षण असेल तर. १९०७ च्या प्रेक्षकात 'स्व' वाजवीपेक्षा वर आला होता. या विद्यार्थ्यात तो मुळी आलेलाच नाही.

खाडिलकरांनी निवडलेल्या कथेतच या प्रश्नाचे एक चित्र दडलेले आहे. विराटपर्वात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो. सभासद पाहत असतात. राजा विराट म्हणतो की, आपल्या पाठीमागे तुमचा काय तंटा झाला ते आपणांस ठाऊक नाही, तेव्हा न्याय कसा द्यावा. युधिष्ठिर, भीमाला आवरून, द्रौपदीलाच बोल लावतो की, ती वेळ न ओळखता नटीप्रमाणे धावाधाव करीत आहे. त्या सभेत खऱ्या अर्थाने तटस्थ होता तो विराट. आणि व्यासांनी रसिकाला जेथे बसविले आहे, ती जागा विराटाच्या आसनाशेजारी नाही.